सहाशे सेकंद

दादा जाऊन महिना झाला. वहिनीने त्याचा कॉम्प्युटर पहिल्यांदाच सुरू केला आणि मला हाक मारली.

"भावजी, हे घड्याळ दहा मिनिटं पुढे कसं हो? कॉम्प्युटरची वेळ नीट लावली, तरी हे आपलं पुढेच. अंगावर काटा येतो माझ्या."

भुताटकी वगैरे काही नव्हती. पडद्यावरचं ते घड्याळ सुरू करणारी कमांड मीच लिहिली होती. आकडे मोठे, रंग हिरवा आणि शेवटी दादाला न सांगता घुसडलेला एक पर्याय: सहाशे सेकंद पुढे. तो रोज कामावर उशिरा निघायचा, म्हणून मी शहाणपणा केला. त्या सकाळी घड्याळ बघून तो ओरडला, "बाप रे, नऊ वाजले!" आणि स्कूटर सुसाट नेऊन ट्रकखाली घातली. हातात चांगली दहा मिनिटं होती त्याच्या.

मी ती ओळ उघडून सहाशे खोडलं. पडद्यावरचे नऊ जाऊन आठ पन्नास आले. आत्ता कुठे तो चहा पीत असता.

"काय बिघडलं होतं?" वहिनीने विचारलं.

'जुना प्रोग्राम आहे' हे अगदी ओठांवर आलं होतं.

"वहिनी, जरा बसा," मी म्हणालो. "ते मीच केलं होतं."

ती बसली नाही.