भैरूच्या दोन भाकऱ्या

छप्पन्न सालच्या हिवाळ्यात डॉक्टर सुमनताई चिंचवडच्या एका कारखान्यात माणसाच्या श्रमांवर संशोधन करीत होत्या. खाल्लेल्या अन्नाचा किती भाग हातांच्या कामात उतरतो, हे त्यांना शोधायचे होते. गणित शिकून मी नुकताच त्यांचा मदतनीस झालो होतो. आकड्यांपुढे माझी जीभ अडखळत नसे, माणसांपुढे अडखळे.

श्रम मोजणारे यंत्र कारखान्यातल्या रंगराव टर्नरने घडवले होते. मोडीतल्या चाकाला त्याने हातदांडा बसवला, त्यावर पट्टा आवळला आणि पट्ट्याच्या टोकाला ताण दाखवणारा काटा जोडला. काट्यावरून आणि फेऱ्यांवरून काम निघे. चाक तासताना तो डोळे मिटून त्यावरून बोट फिरवी, आणि केसाएवढा उंचवटाही त्याला सापडे. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

मोशी गावचे पाच कामगार रोज ते चाक फिरवत. सकाळी मी प्रत्येकाच्या डब्यातले जेवण तोलून लिहून घेई. घरचे जेवण मोजायला सुमनताई स्वतः सायकलने मोशीला जात आणि धुराने डोळे चुरचुरत असतानाही चुलीपुढून हलत नसत.

तीन आठवड्यांनी गणित फसले. भैरूच्या डब्यात दोनच भाकऱ्या, आणि काम मात्र सगळ्यांत अधिक. चार भाकऱ्या आणणारा चिमाजी त्याच्या मागे. अंगाचे वजन कोणाचेच बदलले नव्हते.

"यंत्र चुकतंय," सुमनताई म्हणाल्या. "शनिवारी संशोधनाच्या समितीला तसं कळवावं लागेल. हे मोडून दुसरं मागवू."

रंगराव पट्टा पुसत होता. त्याने मान वर केली नाही. "ताई, तुमी म्हणाल तर आत्ता मोडतो. पर काट्याला काय ठावं, दांड्याला भैरू हाय का चिमाजी?"

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. यंत्र चुकत असेल तर सर्वांच्या बाबतीत सारखेच चुकायला हवे होते. मी पाचही जणांचे अन्न एकत्र मांडले, काम एकत्र मांडले. एकवीसही दिवसांचे प्रमाण जवळजवळ एकच निघाले. एकेकटा माणूस चुकत होता. पाच मिळून चुकत नव्हते. त्या आकड्यांकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो.

दुपारी मी भिंतीआड एकटाच जेवत असे. कोणी पाहत असले की मला घास गिळवत नसे. त्या दिवशी डबा घेऊन मी भिंतीच्या पलीकडे गेलो.

"मास्तर," भैरू म्हणाला, "आज भिताड उपाशी ठिवलं जनू."

पाचही डबे अंथरलेल्या एका धडप्यावर रिते केलेले होते. ज्याला जेवढी भूक, तेवढे तो घेत होता. भैरू तिसरी भाकरी मोडत होता.

"रोज असंच जेवता?"

"मग? आपापलं घिऊन बसाया काय भांडान झालंय?" चिमाजी म्हणाला. "ह्याची कारभारीण म्हायेरी गेलीया. म्हातारीच्या हातनं दोनच भाकरी व्हत्यात, आन ह्यो खातो रेड्यावानी."

"मला सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलं कवा? तोलायचं म्हनलात, तोलून दिलं."

त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो.

तीन आठवडे मी तीस पावलांवर होतो आणि एकदाही तिकडे पाहिले नव्हते. हे सांगितले तर यंत्र वाचणार होते, आणि माझा निष्काळजीपणा उघडा पडणार होता. यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परतलो. तिसऱ्यांदा आत गेलो. सुमनताई यंत्रापाशी उभ्या होत्या आणि रंगरावने ते मोडायला हातात पाना घेतला होता.

सुमनताईंनी सगळे ऐकले, माझी मांडणी ओळीओळीने तपासली आणि चष्मा काढून ठेवला.

"रंगराव, पाना ठेवा. दोष मी तुमच्या कामाला दिला, चूक माझी." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला तोलायला सांगितलं, बघायला सांगायचं राहिलं. तीही माझीच."

शनिवारच्या टिपणाची पहिली ओळ त्यांनी त्याच क्षणी लिहिली. प्रत्येक माणसाचे अन्न वेगळे धरणे ही संशोधकाची चूक होती, अशी ती ओळ होती. खाली सही त्यांची एकटीची.

खाली बसून रंगरावने सैल केलेला पट्टा पुन्हा आवळला.

मी निघालो, तेव्हा सुमनताईंनी हाक मारली. "आज त्यांच्यात तुम्ही काय खाल्लंत?"

"अर्धी भाकरी. आणि थोडा ठेचा. माझा डबा तसाच राहिला."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "पाचांच्या आजच्या बेरजेतून तेवढं वजा करा."