बाभळीपासून सात पावलं

साहेबांना सगळंच दुपारपर्यंत हवं असतं. आज सौर प्रकल्पासाठी रिकाम्या सरकारी जमिनींची यादी हवी होती. संभाजीनगरच्या ऑफिसात बसून मी ड्रोननं टिपलेल्या नकाशावर वैजापूर तालुका तपासत होते, तेवढ्यात आमच्याच गावचं गायरान आलं. बाभळीजवळचा तुकडा संगणकानं हिरवा रंगवला होता, म्हणजे रिकामा.

मी दोनदा उठले, पाणी प्यायले, परत बसले. लहानपणी आई तिथं पाय ठेवू द्यायची नाही. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. शेवटी तिलाच फोन लावला.

"तिथं बारकी लेकरं पुरतेत," ती म्हणाली. "वर दगडबी ठेवत नाय कुणी. आभाळातून काय दिसणार?"

"साहेब पुरावा मागतील."

"बाभळीपासून सात पावलांवर तुझा भाऊ हाय. तुझ्या आधीचा."

मला भाऊ होता, हे मला असं कळलं. नकाशावर सात पावलांचं अंतर मोजून मी ठिपका ठेवला. नावाची चौकट भरल्याशिवाय तो सेव्ह होईना.

"नाव काय होतं त्याचं?"

"बारशाच्या आधीच गेला."

मी आमचं आडनाव लिहिलं.