खोळीखालचा डाग

पाचोडच्या पंचक्रोशीत एका मोटारीची कथा सांगतात. तिचे तीन पाठ माझ्या कानावर आले आहेत. पाचोडच्या पाठात अडलेल्या मेंढपाळ बाईला गावचे तात्यासाहेब आपल्या मोटारीतून औरंगाबादला नेतात आणि वाटेत, मागच्या सीटवर, तिला मुलगा होतो. खुलताबादच्या पाठात मोटार तीच, पण बाई जहागीरदारांची सून असते आणि वाट दर्ग्याची. चिकलठाण्याच्या कारखान्यांतील कामगारांनी त्यात चमत्कार मिसळला आहे. त्यांच्या पाठात चालकच नाही, गाडी आपणच दवाखान्याकडे वळते. तपशील असे बदलत असले, तरी दोन गोष्टी तिन्हीकडे स्थिर आहेत. मूल सीटवर जन्मले. आणि त्या जन्माचा डाग सीटच्या खोळीखाली अजून आहे. तो कोणी धुतला नाही, कोणी पाहिलाही नाही.

मी ती मोटार बोलते आहे. कथेतल्या वस्तूला साक्षीला बोलावण्याची रीत नाही. म्हणून न बोलावता बोलते.

माझा जन्म १९४७ सालचा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला, कूळ पॅकार्ड. आठ सिलिंडरचे इंजिन, नाकावर पंख पसरलेला पक्षी, आणि मागे राखाडी लोकरी कापडाची सीट, तीन माणसे ऐसपैस बसतील एवढी. बोटीने मुंबईला आले, तिथून खुलताबादच्या एका जहागीरदारांकडे. त्यांचा सहवास थोडाच लाभला. पोलीस ॲक्शन झाली, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या, आणि हैदराबादला निघताना त्यांनी मला तात्यासाहेबांच्या हवाली केले. किल्ली देताना एवढेच म्हणाले, "इंजन की फिकर नक्को करो, तात्यासाहेब. कपड़ा संभालो. ऐसा कपड़ा अब आता नईं."

तात्यासाहेबांनी हे वाक्य अक्षरशः पाळले. स्वतःच्या पत्नीला, आवडाबाईंना, ते सीटवर धुतलेले धोतर अंथरूनच बसवत. लग्नाचे वऱ्हाड असो की कलेक्टरसाहेब, आधी पाय धुवायचे, मग चढायचे.

१९५१ चा वैशाख. रिकाम्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची आणि मेंढपाळाला धान्य द्यायचे, हा इकडचा जुना रिवाज. त्या साली तात्यासाहेबांच्या रानात सोनाजीचा कळप बसला होता. सोनाजीची बायको बानाबाई तीन दिवस अडली होती. तिची आधीची दोन मुले जन्मताच गेली होती. चौथ्या दिवशी सकाळी सुईण साळूबाई हात टेकून म्हणाली, "आता मह्या हातचं नाय ऱ्हायलं. दवाखाना गाठा."

निरोप मिळताच तात्यासाहेब मला स्वतः हाकत रानात घेऊन आले. दिरंगाई केली नाही, हे नोंदवले पाहिजे. त्यांनी मागचे दार उघडले. बानाबाईने सीटची कड धरली. तेव्हा ते अगदी हळू आवाजात बोलले.

"बाई, वर नको. खाली बस. कापड खराब व्हईल."

"मालक, मरायली ती!" साळूबाई म्हणाली.

"मी गाडी देतोय का नाय? बसव खाली."

माझ्या पोलादाला त्या क्षणी जे झाले, त्याला माणसांच्या भाषेत हादरा म्हणतात. तीस मैल दोन बाया सीटच्या पायथ्याशी, घोंगडीवर आणि पायपुसण्याच्या गालिच्यावर होत्या, बानाबाई कण्हत आणि साळूबाई तिला धरून, आणि त्यांच्या डोक्यावरून तिघांची सीट रिकामी चालली होती. आडूळच्या पुढे मूल झाले. बानाबाईच्या हातातल्या बांगड्या फुटल्या; एक हिरवी काच गालिच्याच्या कडेखाली गेली. तात्यासाहेब गाडी थांबवून रस्त्यावर पाठ करून उभे होते. बाळाचा ट्यांहा ऐकू आला तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. साक्षीदाराने हेही सांगितले पाहिजे.

मायलेक वाचले. दृष्ट लागू नये म्हणून मुलाचे नाव कडूबा ठेवले.

वर्षभरात कथा फिरू लागली, आणि तिच्यात मूल सीटवर जन्मले होते. मी चकित झाले. त्याच सुमारास तात्यासाहेबांनी सीटला जाड खाकी खोळ शिवून घेतली, चारी बाजूंनी टाके घालून. मग मेंढपाळांच्या बाया सव्वा महिन्याची पोरे घेऊन येऊ लागल्या. ज्यांची आधीची गेली होती, त्या प्रथम आल्या. एक जिथे वाचले तिथे दुसरेही वाचेल, हे या विधीमागचे तर्कशास्त्र. बाळाला खोळीवर क्षणभर ठेवायचे, दार लावायचे, उघडायचे, उचलायचे. याला त्या 'गाडीत घालणं' म्हणत. तात्यासाहेब दर वेळी फेटा बांधून शेजारी उभे राहत आणि एक शब्दही बोलत नसत.

कथेचा पहिला सांगणारा शोधायचा, तर कथेमुळे कोणाचे नाव मोठे होते ते पाहावे, असे मी मानत होते. त्यामुळे पन्नास वर्षे मी ते खोटे तात्यासाहेबांच्या नावावर टाकले.

कडूबा मोठा होऊन माझ्याच धुण्यापुसण्याच्या कामावर राहिला. तात्यासाहेब गेल्यावर त्यांचे चिरंजीव नानासाहेब चिकलठाण्याकडे बंगला बांधून राहू लागले, तेव्हा माझ्याबरोबर तोही आला. आज माझ्या अंगावर गंज नाही, तो त्याच्या हातांमुळे. रोज काम सुरू करताना तो खोळीला हात लावून नमस्कार करी. सीटवर मात्र कधी बसला नाही. "महं जल्मठिकाण हाय ते," म्हणायचा, "त्याच्यावर बूड टेकत्यात व्हय?"

२००३ च्या मार्गशीर्षात नानासाहेबांनी मला विकायला काढले. जाहिरात दिली: मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ सीट. जालन्याचे बद्रीनाथशेठ, जुन्या गाड्यांचे संग्राहक, पाहायला आले. त्याच दुपारी कडूबा आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन दारात उभा राहिला. बानाबाईच्या हातात कडूबाची नात होती, आठव्या महिन्यात जन्मलेली, मुठीएवढी. त्या दिवशी तिला सव्वा महिना पुरा होत होता.

"नानासाहेब, एवढी एक पोर घालू द्या," कडूबा म्हणाला. "दूध टिकंना तिला. मंग न्या गाडी कुठं बी."

"अहो घाला की," शेठच म्हणाले. "त्या डागाची गोष्ट ऐकूनच आलोय मी. पण आधी खोळ काढा. डाग तरी बघू द्या."

"शेठ, डागासकट घ्याल ना? मागून कुरकुर नको," नानासाहेब हसले.

कडूबाने ब्लेडने टाके उसवले. बावन्न वर्षांत प्रथमच खोळ निघाली.

कापड राखाडी होते, स्वच्छ, कारखान्यातून कालच आल्यासारखे.

"क्या बात है!" शेठ टाळी वाजवून म्हणाले. "बोट लागलेलं नाही कापडाला!"

कडूबाने तळहात सीटवरून फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "त्या अंगाला असंल," म्हणत तो फिरून दुसऱ्या दारात गेला, तिकडून पुन्हा हात फिरवला. शेठ तोवर गंज तपासायला वाकले होते. त्यांनी खालचा, तळाला चिकटून बसलेला गालिचा ओढून उचलला. खाली काळा, कडक झालेला मोठा डाग होता आणि हिरव्या काचेचा तुकडा.

"हे काय सांडलंय इथं?"

कडूबा काचेकडे पाहत राहिला, मग आईकडे.

"बानाबाई," नानासाहेबांनी विचारले, "माझ्या वडलांनी तुम्हाला खाली बसवलं होतं?"

"व्हय."

"आन् गावभर खोटं सांगितलं?" कडूबा ओरडला. "मालकानं? म्या त्यायच्या फोटूला हार घालतो रोज!"

"मालक कधीच काय बोलले नाय. म्या सांगितलं."

पन्नास वर्षे जपलेला माझा निष्कर्ष त्या एका वाक्याने मोडला.

"दोन लेकरं मातीत घातलेली," बानाबाई म्हणाली. "तिसरं जगलं. बाया इच्यारत्यात, कुठं झालं गं? काय सांगू? पाय पुसायच्या जाग्यावर? म्हनलं, सीटावर झालं. लई मऊ व्हती. साळूबाईनं बी मान हालवली. मालकाच्या कानावर गेलं, आन् तिसऱ्या दिशी त्यायनी खोळ शिवून आनली."

म्हणजे डाग नाही, हे झाकण्यासाठी ती खोळ होती. तात्यासाहेबांनी ती शरमेने शिवली की नावाच्या लोभाने, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. त्यांनी आणि बानाबाईने त्याविषयी एकमेकांशी कधी शब्द काढला नाही, एवढे खात्रीने सांगते.

"मंग एवढी पोरं घातली त्याच्यावर?" कडूबाने विचारले.

"जगली का नाय?"

"बरीच जगली. दोनचार गेली."

"तशी तर कुठं बी जात्यात."

"आता हिला कुठं ठिवू, माय? वर का खाली?"

बानाबाईने मूल त्याच्या हातात दिले. दाराची मूठ धरली, एक गुडघा आत टेकवला, आणि हळूहळू चढून सीटवर बसली. सीटच्या मधोमध. दोन्ही हात कापडावर टेकवून क्षणभर डोळे मिटले.

"मऊच हाय की," ती म्हणाली. "आन तिला."

"अहो आजी, खाली काहीतरी टाका!" शेठ पुढे धावले. "मूळ कापड आहे ते!"

नानासाहेबांनी त्यांचा दंड धरला. "राहू द्या, शेठ."

कडूबाने नातीला आईच्या शेजारी, उघड्या कापडावर ठेवले. दार लावले. उघडले. बद्रीनाथशेठांनी खिशातला रुमाल काढेपर्यंत पोरीने सीट ओली केली होती.