पाखराचा मान

हंसाबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या आणि रोशनी आईच्या पाठीला टेकून सोललेले दाणे तोंडात टाकत होती. सातवा महिना लागला म्हणून ती आगाशीहून माहेरी आली होती.

"अगो, कच्चे नको खाऊ, पोटात दुखंल!"

"मला नाय, याला पायजेत," पोटावर हात ठेवून रोशनी हसली.

गास गावी खाडीच्या खाजणालगत तिच्या बापाचं, शत्रुघ्नचं, भाताचं रान होतं. कापणी झाली तरी पाण्याकडची एक पट्टी तो उभीच ठेवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "तो पाखरांचा वाटा हाय." त्या पट्टीत जांभळ्या पाणकोंबड्या बिनघोर चरायच्या. जाळी घेऊन कोणी आलं, की शत्रुघ्न आणि शेजारच्या रानाचा आल्बर्ट मिळून त्याला पिटाळून लावत. पाखरांनाही त्याची इतकी सवय, की तो जवळून गेला तरी ती उडत नसत.

दुपारी रोशनीची सासू जयवंतीबाई डोहाळजेवणाचं ठरवायला आल्या. चहा झाला, हिरव्या साडीचं बोलणं झालं. उठता उठता त्या म्हणाल्या, "पाखरू तेवढं इसरू नका, व्याही."

त्यांच्या घराण्यात तशी रीत होती. डोहाळजेवणाला मुलीच्या बापाने खाडीवरचं रानपाखरू आणायचं आणि त्याचं काळीज पोटुशीला भरवायचं. त्याला ते 'मान' म्हणत. कसला मान हो हा? मुक्या जिवाला मारून कुणाचा मान वाढतो? पण हे विचारायचं कोणी?

"कोंबडा कापतो, इहिनबाय," शत्रुघ्न चाचरत म्हणाला. "पाखरं मी राखलेली हायेत."

"माझ्या बापानं आनलं व्हतं, तुम्हांला जड जातंय? नसंल जमत तर पोर इकडंच ऱ्हाऊ द्या. मानाशिवाय तिला घरात घेनार नाय आम्ही."

रोशनीचं हसू मावळलं. नवरा जितेंद्र आईपुढे तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आल्बर्टने शत्रुघ्नला खूप समजावलं. "मी येतो तुझ्यासोबत आगाशीला. दोघं मिळून बोलू त्यांच्याशी."

"तुला पोरगी नाय, आल्बर्ट," शत्रुघ्न एवढंच बोलला.

घरी हंसाबाईंनीही मानाचाच धोशा लावला. "अवो, पोरीचा संसार मोठा का तुमची पाखरं? घरात बसवून ठेवनार हाव का तिला?"

शत्रुघ्नने जन्मात कधी फासा लावला नव्हता, त्याला तो जमेना. शेवटी त्याने भातावर टाकायचं औषध दाण्यांना चोळलं आणि त्याच उभ्या पट्टीत पसरलं. पोट साफ केलं की विष निघून जातं, असं खाजणाकडची माणसं बिनदिक्कत सांगायची, तेच त्याने धरून ठेवलं. पाणकोंबड्या नेहमीच्या भरवशाने आल्या आणि तो बांधावर पाठ फिरवून बसला. मागे फडफड ऐकू आली तेव्हा त्याने हातांनी कान झाकून घेतले.

डोहाळजेवणाला घर बायकांनी भरलं होतं. फुलांच्या वाडीत रोशनी इतकी गोड दिसत होती, की हंसाबाईंनी तिची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. रस्सा अजून चुलीवर रटरटत होता. काळीज तेवढं वेगळं परतून वाटीत आलं. जयवंतीबाईंनी स्वतःच्या हाताने, अगदी मायेने, तिला भरवलं. मायेनेच भरवलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

ओटी भरता भरता रोशनीला दरदरून घाम फुटला. तोंडाला फेस आला, श्वास घुसमटू लागला. "बाबा, मला कायतरी व्हतंय..." शत्रुघ्नने तिला उचललं तेव्हा हिरव्या चुड्याचा हात त्याच्या गळ्याशी घट्ट होता. रिक्षा माणिकपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो सैल पडला. डॉक्टरांनी शर्थ केली. पोर गेली, पोटातलं लेकरूही गेलं.

चुलीवरचा रस्सा कोणी खाल्ला नाही. आल्बर्टने तो खोल खड्ड्यात पुरला आणि पट्टीत मरून पडलेली पाखरंही गोळा करून त्याच खड्ड्यात घातली. पुरताना तो हुंदके देऊन रडत होता.

वर्ष उलटलं आणि जितेंद्रचं दुसरं लग्न झालं. पुढे नव्या सुनेचं, स्वप्नाचं, डोहाळजेवण ठरलं. रोशनी तिच्या नशिबानं गेली, रीत कशाला मोडायची, असं म्हणून जयवंतीबाईंनी स्वप्नाच्या बापाकडूनही पाखरू मागवलं!

हंसाबाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या बोलावणं नसताना आगाशीला गेल्या. बायका कुजबुजल्या. हंसाबाई सरळ स्वप्नाजवळ जाऊन बसल्या आणि काळजाची वाटी त्यांनी हाताने झाकली.

"हे काय, इहिनबाय? मानाचं हाय ते," जयवंतीबाई म्हणाल्या.

"आमीबी मान केला व्हता. मीच नवऱ्याच्या मागं लागले व्हते." हंसाबाई म्हणाल्या. "मान ऱ्हायला, इहिनबाय. माझी पोर नाय ऱ्हायली."

स्वप्नाने दोन्ही हातांनी वाटी दूर सारली. "मला नको, आई. मी नाही खाणार." जयवंतीबाई तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वाटी उचलली आणि मागच्या दारी नेऊन पालथी केली. तिथेच त्या खाली बसल्या आणि रोशनीचं नाव घेऊन रडल्या.

आता त्या खाडीपट्ट्यात कुठेही डोहाळजेवण निघालं की हंसाबाई रोशनीची गोष्ट सांगायला तिथे जातात. हाकलून दिलं तरी जातात. तुमच्याही घरी असा एखादा 'मान' असेल, वाचकहो. त्याची वाटी कुणाच्या लेकीपुढे जाते, ते एकदा नीट बघा.

शत्रुघ्न अजूनही कापणीला ती पट्टी उभी ठेवतो. दाणा पिकून गळतो आणि चिखलात रुजून येतो. तो रोज बांधावर जाऊन बसतो. पाखरं आल्बर्टच्या रानात उतरतात, त्याच्याकडे येत नाहीत.