पडद्याआडचा प्लग-पॉइंट

बहिणीच्या न्हाणीघरात भाऊ पाऊल टाकत नाही, हे नेइआफू या बेटावरच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. सेमिसी तर साठीला आलेला. म्हणून तो अंगणात नीरफणसाखाली, घराकडे पाठ करून, उलट्या खोक्यावर बसला होता. त्याची थोरली बहीण कालोलाइने आत खिडकीशी धुसफुसत होती. न्हाणीतलं बोलणं भावाबहिणीनं एकमेकांच्या तोंडावर करायचं नसतं. मधे खेपा घालायला तिची सून होती, लोसा. सेमिसीला ती मामा म्हणे.

सगळं त्या कपडे धुवायच्या मशीनपायी. ऑकलंडच्या लेकीनं ते बोटीनं धाडलं होतं. चटया विणून विणून कालोलाइनेची बोटं वाकडी झालेली, ओली चादर आता पिळवत नव्हती. सुनेनं पिळलेली तिला पसंत पडत नव्हती. तिनं मशीन न्हाणीत शॉवरशेजारी ठेवलं. तिथंच गवंड्याकडून भिंतीत प्लग-पॉइंटही बसवून घेतला, हाताशी येईल असा. आता त्यात वीज तेवढी सोडायची होती, आणि विजेच्या कामाचा परवाना गावात एकट्या सेमिसीकडे.

"मामा विचारतात, शॉवरपासून पॉइंट किती लांब?"

"तीन विती. मी स्वतः मोजल्यात. माझी वीत चटईला कधी चुकली नाही, भिंतीला चुकेल होय?"

लोसा गेली नि आली. "मामा म्हणतात, मोजलं कुठनं?"

"पडद्यापासून. शॉवर तिथंच संपतो ना? पुढं काय समुद्र लागतो?"

सेमिसीनं टेप धाडली. लोसानं शॉवरच्या नळापासून मोजलं. एक मीटर चाळीस.

"मामा म्हणतात, नळाभोवती पहिला पट्टा पाण्याचा, त्यापुढचा उडणाऱ्या पाण्याचा. एक मीटर ऐंशीपर्यंत प्लग-पॉइंट चालत नाही. वरचा दिवा राहू दे म्हणाले. त्याच्या खोक्यावर धूळपाण्यापासून बचावाचा आकडा आहे, आयपी चव्वेचाळीस. शेवटचा चार म्हणजे चारी बाजूंनी पाणी उडालं तरी त्याला काही होत नाही. पॉइंटवर त्या जागी शून्य आहे."

"मग चाराचा पॉइंट आण म्हणावं."

"ते विचारलं मी. म्हणाले, कितीचाही आणला तरी ओल्या हातानं पिन ओढणार आक्काच. त्या पट्ट्यात पॉइंटच नको."

"कटकट पुरे. वीज सोड म्हणावं. मी सांगतेय."

या वेळी लोसाला परतायला वेळ लागला. पदरात विंचू बांधून आणल्यासारखं तिचं तोंड झालं होतं. "मामा म्हणतात… पाया पडतो, पण वीज सोडणार नाही."

उभ्या जन्मात या भावानं कालोलाइनेला 'नाही' म्हटलं नव्हतं. तिनं मागितलं तेव्हा रताळी दिली, डुक्कर दिलं, स्वतःची होडीसुद्धा दिली. आणि आज सुनेदेखत हे! ती अशी ओरडली की झाडावरचे पक्षी उडाले.

"लोसा, विचार त्याला! ज्या पडद्यानं तुला आयुष्यभर बाहेर ठेवलं, तो चार थेंब अडवणार नाही होय रे?"

सेमिसी झाडाच्या बुंध्याकडे बघत तितक्याच मोठ्यानं म्हणाला, "लोसा, सांग गं! मला पडद्यानं नाही अडवलं, आदबीनं अडवलं. पाण्याला कुठली आलीय आदब?"

मग तो हळू आवाजात लोसाला बरंच काही सांगत राहिला. ती पिठाच्या पिशवीचा कोरडा कागद घेऊन आत आली आणि तो पॉइंटवर चिकटवला. "आई, पडदा ओढा आणि रोजच्यासारखी आंघोळ करा. कागद कोरडा राहिला, तर मामा परवान्याचा कागद तुमच्यासमोर फाडतील."

"फाडूनच घेते," म्हणत कालोलाइने उठली.

रोजच्यासारखी म्हणजे नातीला घेऊन. आकानेसी तीन वर्षांची, अंगात वारं भरलेली. पाण्यात थयथय नाचली, पडदा ओढला, सोडला, आणि डोक्यावरचा फेस निघायच्या आत आजीच्या हातातून निसटून बाहेर पळाली. कालोलाइने टॉवेल घेऊन मागं निघाली आणि भिंतीपाशी थबकली.

कागदावरून पाणी खालपर्यंत ओघळलं होतं. आणि मधोमध, प्लगच्या भोकांवर, पाच इवलीशी ओली बोटं उमटली होती.

ती तशीच मशीनवर टेकली. बराच वेळ तिला टॉवेल कुणाला गुंडाळायचा तेही सुचेना. नात दारातून ओरडत होती, "आजी, थंडी!" तो आवाज ऐकून कालोलाइनेनं डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. मग लेकराला इतकं घट्ट गुंडाळलं की ते कुरकुरलं.

कपडे बदलून ती स्वतः अंगणात गेली. लोसाला हाक मारली नाही.

"सेमिसी."

तो उठून उभा राहिला, पण मागं वळला नाही. "हो आक्का."

"तू म्हणशील तिथं लाव."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं काम बाहेरून केलं. जुन्या पॉइंटची तार काढली, मागच्या पडवीत झाकणाचा, पाणी न शिरणारा नवा पॉइंट बसवला, आणि मीटरशेजारच्या बोर्डावर, वीज कुठं गळू लागताच ती तोडणारं बटण लावलं. मशीन पडवीत आलं. आता कालोलाइनेच्या चादरी सगळ्या आळीदेखत धुतल्या जातात. त्याबद्दल ती रोज बडबडते, ते सोडा.

रविवारी जेवणासाठी जमिनीतली भट्टी उघडली. डुकराचा उत्तम भाग थोरल्या बहिणीचा, तसा तो तिच्यापुढं आला. ती ताट उचलून तडक सेमिसीच्या ओट्यावर गेली.

तो गडबडला. "आक्का, हा तुझा मान. मी कसा घेऊ?"

"माझाच आहे ना? मग कुणाला द्यायचा ते मी बघते. तू मला नाही म्हणालास, म्हणून पोरगी आज माझ्या मांडीवर जेवली. उपकार आहेत तुझे, सेमिसी. आता बस, खा."

तो बसला.

"आणि पुढल्या खेपेला नाही म्हणायचं असलं, तर सुनेला मधे घालू नकोस. मोठ्यानं म्हण. मी चिडेन, पण ऐकेन."

त्यानं मान खाली घालून घास घेतला. ताट रिकामं होईपर्यंत ती त्याच्या ओट्यावर उभी राहिली, माश्या वारत.