सोमाजींचा स्क्रीनवरचा कळप

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर हिराचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. मेंढरं विकल्यापासून तिचे सासरे सोमाजी तिथंच बसत. दोन महिन्यांत त्यांनी सातबारा काढायला शिकून घेतलं आणि उरलेल्या वेळात सुनेचं डोकं खाल्लं.

वाद एकाच गोष्टीवरून होई. एक विंडो दुसरीमागं गेलेली सोमाजींना खपत नसे. चाळीस वर्षं बिबट्याच्या मुलखात मेंढरं राखलेला माणूस! नजरेआड झालेलं जनावर परत येत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. हिरा बाहेर गेली रे गेली, की ते एकेका विंडोचा कोपरा धरून तिला बारीक करत आणि सगळ्या स्क्रीनभर शेजारी शेजारी मांडत. बाराच्या बारा डोळ्यांसमोर. इतक्या बारीक, की वाचता एकही येत नसे, पण हरवलेलीही एक नसे.

त्या दिवशी अर्ज हिराचा स्वतःचाच होता, अंगणवाडी सेविकेच्या भरतीचा. शेवटची तारीख, पाचपर्यंत मुदत. एका दाखल्याचा नंबर तेवढा राहिला होता, तो आणायला ती जुन्नरला निघाली.

"आबा, माझी एवढी एक विंडो बंद करू नका. लई वर्षांनी जागा निघालीय."

"पोरी, माजं कोकरू तरी हरवलं का कधी?"

पावणेपाचला तिचा फोन आला. एसटी वाटेत बंद पडली होती. "आबा, नंबर सांगते तो टाका, आन् खाली सबमिटचं बटण दाबा."

सोमाजींनी एका बोटानं नंबर टाकला. बटण मात्र कुठंच नव्हतं. विंडो काडेपेटीएवढी करून ठेवलेली, खालचा भाग तिच्यात मावलाच नव्हता.

"मग मोठी करा ना! वरच्या कोपऱ्यातला चौकोन दाबा."

"बाकीची झाकतील की!"

"झाकू द्या!"

सोमाजींनी माऊस चौकोनापर्यंत नेला आणि मागं घेतला. त्यात सातबाऱ्यासाठी तासभर ताटकळलेले धर्माजी बाकावरून उठले. "सोमा, माजा सातबारा डाव्या अंगाला हाय. त्यो गेला तर मी हितनं हलायचा न्हाई."

पाचला चार मिनिटं उरली. सोमाजींनी सगळ्या कळपावरून एकदा नजर फिरवली, डोळे गच्च मिटले आणि चौकोन दाबला. डोळे उघडले तर बाकी सगळं गडप. समोर एकटा हिराचा अर्ज आणि खाली हिरवं बटण.

"गेला माजा सातबारा!"

"जाऊ दे!" सोमाजी त्यांच्या वरताण ओरडले आणि बटण दाबलं. अर्ज स्वीकारल्याचं पान आलं, वर हिराचं पूर्ण नाव. ते वाचताना त्यांना भरून आलं, आणि धर्माजींसमोर रडायची वेळ आली म्हणून रागही आला.

हिरा आली तेव्हा धर्माजी तिथंच होते. "बाय, तुजा सासरा माजा सातबारा देईना."

"अहो काका, मागंच हाय तो. कुठं जातोय?" हसत तिनं माऊसला हात घातला. सोमाजींनी तो हात धरला.

"थांब. बाकीची ऱ्हाऊ दे मागं. आज तुजं नाव जरा मोठं दिसू दे."

धर्माजी पुन्हा बाकावर बसले.