जागेश्वर महाराजांची झटकी

पंचावन्न सालची गोष्ट. सक्करदऱ्याच्या विणकर आळीत त्या सकाळी एकही माग वाजत नव्हता. सगळी आळी सखूबाईच्या ओसरीवर लोटली होती. तिच्या सुनेचं, अनुसयेचं, दोन दिवसांचं पोर थरथरत होतं, चिरक्या आवाजात रडत होतं, अंगावर पीत नव्हतं. आणि जागेश्वर महाराज प्रसन्न होते.

"सांगतलं होतं का नाही? झटकी येईन म्हणून!"

झटकी ही महाराजांच्या खास ओळखीची चेटकीण. बाई मोठी नेमाची. इतर घरांकडे ढुंकून पाहत नसे; महाराजांच्या भक्तिणींचीच बाळं धरी. यावरून भक्तांनी निष्कर्ष काढला, की तिचा महाराजांवर राग आहे. आमच्याकडे तर्कशास्त्राची अशी चलती होती.

महाराज मंत्र म्हणत आणि मधात कालवलेला काळा अंगारा बाळाच्या जिभेला लावत. घटकाभरात पोर शांत. काही पोरं तर इतकी शांत झाली, की उठलीच नाहीत. ती देवानं नेली. हिशेब सोपा होता: वाचलं ते महाराजांचं, गेलं ते देवाचं.

अनुसयेचा नवरा बाबनराव मात्र दवाखान्यातल्या डॉक्टर कुसुमताईंना घेऊन आला.

"महाराज, मंत्रात ताकद आहे ना?" ताई म्हणाल्या. "मग आज नुसता मंत्रच म्हणा."

"अंगाऱ्याबिगर मंत्र लागत नाही."

"काहून नाही लागत गा?" बाबनराव म्हणाला. "झटकी बहिरी हाय का?"

महाराजांनी मंत्र म्हटला. मग ओरडून म्हटला. पोर त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलं.

ताईंनी अंगाऱ्याची डबी उघडून सखूबाईच्या नाकाशी धरली. तिचा सासरा जन्मभर अफीमबाज. वास कसा विसरेल?

"अवं माय! हे तं अफीम!"

"अनुसये, दिवस गेल्यापासून काही खात होतीस?" ताईंनी विचारलं.

"महाराजाची कंबरगोळी. दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरून कंबर धरे. गोळी घेतली का बसता ये."

"तीही अफूच. तुझ्या रक्तातून पोटातल्या लेकराला पोचत होती. नाळ कापली, अफू तुटली, आणि सवय लागलेलं लेकरू तडफडायला लागलं. तीच याची झटकी. उतारा म्हणून पुन्हा तीच अफू, अंदाजपंचे. जास्त झाली की श्वास बंद."

महाराजांना एकाएकी हिंगण्याच्या भक्तांची आठवण झाली. ते अनवाणीच निघाले; आळीतले विणकर मागे लागले होते.

शेजारच्या गरोदर सुभद्रेनं पदराची गाठ सोडून कंबरगोळ्या नालीत टाकायला हात उचलला. ताईंनी तो धरला.

"एकदम सोडू नको वं. पोटातल्याला झेपणार नाही. माझ्याकडे ये, मोजून हळूहळू कमी करू."

अनुसयेचं पोर दवाखान्यात राहिलं. मंद उजेडाच्या शांत खोलीत, दुपट्यात गुंडाळलेलं, आईच्या छातीशी. औषध मापून, दिवसेंदिवस कमी. चमत्कार काही झाला नाही. पोर जगलं, एवढंच.

बायांनो, कंबर दुखली तर कांड्या खाली ठेवा. सासू रागावली तर रागावू द्या. असली गोळी घेत असाल तर लपवू नका, बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगा. आणि तुमच्या लेकराला दुखणं कधी येणार हे कुणाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच्या पाया पडू नका. त्याला विचारा, "तुले कसं ठाऊक गा?"